फाटकाच्या आतला भाव



गेल्या पौष महिन्यातील एका रविवारी चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही सहाजण चित्रपट पाहावयास गेलो. आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे. आमच्या कर्जत-खालापूर भागातून असा बेत करावयाचा म्हणजे निम्मा दिवस प्रवासाचा. चित्रपट दुपारी साडेचारचा. सौ. चौविहार पाळतात आणि पाणी उकळलेलेच घेतात, हे घरात सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्या दिवशी सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होता आणि मध्यंतर सहाच्या आत होणार होते. म्हणून त्यांनी चार ठेपले, थोडे खाकरे आणि उकळलेल्या पाण्याची तांब्याची बाटली पिशवीत ठेवली. मध्यंतरात दोन घास खाऊन, पाणी पिऊन पच्चक्खाण घ्यावयाचे, असा साधा हिशेब होता.

तो हिशेब फाटकावरच चुकला. पिशवी तपासणाऱ्या तरुणाने अतिशय नम्रपणे सांगितले, "आजी, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही." डबा सामानघरात ठेवून पावती मिळाली. बाटली मात्र भरलेली ठेवून घेत नाहीत, असे कळले. ती रिकामी करावी लागली. सौं.नी काही न बोलता ते पाणी बाहेरच्या कुंडीतल्या रोपाला घातले. एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन पुन्हा प्रवेश नाही, हाही नियम होताच. सूर्य मावळला तेव्हा आम्ही अंधारात बसलो होतो. सौ. दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारशीपर्यंत पाण्याविना राहिल्या. त्यांचे व्रत अखंड राहिले, याचे श्रेय त्यांचे. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आता आमच्या पेशाच्या सवयीप्रमाणे खर्चाची बाजू मांडतो. सहा तिकिटांचे १,४४० रुपये. मध्यंतरात नातवंडांसाठी व इतरांसाठी पॉपकॉर्नचे दोन डबे ७६० रुपये, दोन शीतपेये ४२० रुपये, पाण्याच्या दोन बाटल्या १४० रुपये. एकूण १,३२० रुपये. चित्रपट पाहण्यास जेवढे लागले, जवळजवळ तेवढेच तो पाहताना तोंड हलते ठेवण्यास लागले. मी पाण्याची बाटली उलटसुलट करून पाहिली. कधी न ऐकलेले नाव, आणि छापील किंमत ७० रुपये. म्हणजे कागदोपत्री दोष काढण्यास जागा नव्हती. तीस-पस्तीस वर्षे कागद तपासण्यात घालविलेल्या माणसाला यापेक्षा मोठी हार कोणती?

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने चित्रपटगृहात, क्रीडांगणात, करमणुकीच्या उद्यानात अथवा विमानतळावर तो घेतला असेल. परंतु आपण व्यापारी समाजाची माणसे आहोत. 'महाग आहे' असे म्हणून आपले भागत नाही. का महाग आहे, तो पैसा कोणाकडे जातो आणि त्यातले न्याय्य किती, हे आपणच विचारावयास हवे.

महाग असणे हा स्वतःहून दोष नव्हे. आमच्याच कर्जत तालुक्यातील माथेरान पाहा. तेथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापर्यंत आलेला माल पुढे घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जातो. गव्हाचे पोते असो वा पाण्याचे खोके, प्रत्येक नगावर कोणाचा तरी घाम पडलेला असतो. म्हणून माथेरानातला चहा नेरळच्या चहापेक्षा दोन पैसे महाग असला, तर त्या दोन पैशांना पावती आहे. पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एखाद्या घरी पिठले-भाकरी मिळते, तिचेही तसेच. त्या भावात वाहतूक आहे, श्रम आहेत, हंगामाची अनिश्चितता आहे. तो भाव देताना आपले मन कुरकुरत नाही.

याउलट उदाहरण कर्जत स्थानकाचे. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून घाट चढणाऱ्या गाड्यांना आमच्या गावी थांबणे आले. गाडी ढकलण्यास मागून जादा इंजिन जोडतात. त्याला रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात, म्हणजे माझ्याच पेशाचे नाव! तेवढ्या काही मिनिटांत फलाटावर दिवाडकरांचा बटाटेवडा खिडकीखिडकीतून विकला जातो. आपल्यापैकी अनेकांना कंदमूळ म्हणून तो वर्ज्य. पण त्या वड्याची कीर्ती मुंबई-पुण्यात सर्वदूर आहे. आता विचार करा. डब्यात बसलेला प्रवासी हाही अडकलेलाच ग्राहक. गाडी सोडून तो बाजारात जाऊ शकत नाही. तरीही तेथे मनास येईल तो भाव लावता येत नाही, कारण विक्रेत्याला परवाना आहे आणि पदार्थांना दर ठरवून दिलेले आहेत. रेल्वेचे 'रेल नीर' घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या एक लिटरच्या बाटलीची किंमत १५ रुपयांवरून १४ रुपये झाली. घाटाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या गाडीत एक लिटर पाणी १४ रुपयांना आणि वातानुकूलित सभागृहात त्याहून लहान बाटली ७० रुपयांना. पाण्यात फरक नाही. फरक आहे तो फाटकात.

तेव्हा भावाचे दोन प्रकार झाले. एक श्रमाचा भाव आणि दुसरा कोंडीचा भाव. पहिल्यात विक्रेता काहीतरी आणून देतो. दुसऱ्यात तो ग्राहकाच्या हातातले आधी काढून घेतो आणि मग तीच गरज त्याला विकतो.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी शाखेत असताना आपल्याच समाजातील एका तरुणाचा कर्जाचा अर्ज माझ्याकडे आला होता. एका मनोरंजनस्थळी त्याला अल्पोपाहाराचे दालन चालविण्यास मिळत होते. प्रकल्प अहवाल नीटनेटका होता. मी त्यावर शेरा लिहिला, "आत येणाऱ्या ग्राहकास अन्य पर्याय नसल्याने विक्रीची शाश्वती आहे." लिहिताना मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट कर्ज बुडणार नाही, याचे समाधान वाटले. सही केली, कर्ज मंजूर झाले आणि त्याने ते वेळेवर फेडलेही. ज्या कोंडीमुळे परवा माझ्या घरातील माणूस रात्रभर पाण्याविना राहिले, तिला मी एकेकाळी 'जमेची बाजू' म्हणून नोंदविले होते.

त्या रविवारनंतर मी त्या गृहस्थांना मुद्दाम जाऊन भेटलो. ते दालन त्यांनी केव्हाच सोडले. आता बाजारपेठेत त्यांचे किराणा दुकान आहे. जुना ताळेबंद त्यांना तोंडपाठ होता. १०० रुपयांच्या विक्रीत कच्चा माल २४ रुपयांचा, जागेच्या मालकाचा हिस्सा ३५ रुपये, पगार १४ रुपये, वीज, गॅस आणि कर्जाचा हप्ता मिळून १२ रुपये. हाती उरत १५ रुपये. शिवाय हंगाम नसेल तेव्हाही जागेची किमान रक्कम द्यावीच लागे. ते म्हणाले, "काका, लोक मला शिव्या देत. पण चहा महाग नव्हता, चहाची जागा महाग होती." आणि थोडे थांबून म्हणाले, "त्यापेक्षा हे दुकान बरं. इथे गिऱ्हाईक परत येतं." बँकेच्या कोणत्याही पुस्तकात न सापडलेला धडा मला त्या दोन वाक्यांत मिळाला.

मोठ्या चित्रपटगृहांचे गणितही याच धर्तीचे आहे. तिकिटाच्या उत्पन्नात वितरकाचा मोठा वाटा असतो. नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यात तो साधारण निम्मा धरला जातो. खाद्यपदार्थांच्या विक्रीत मात्र वितरक भागीदार नसतो. त्यामुळे मालकाचे लक्ष पडद्यापेक्षा पॉपकॉर्नच्या यंत्राकडे जास्त असणे स्वाभाविक आहे. देशातील सर्वांत मोठ्या बहुपडदा कंपनीच्या, पीव्हीआर आयनॉक्सच्या, २०२३-२४ च्या आकड्यांनुसार सरासरी तिकीट २५९ रुपयांचे आणि प्रत्येक प्रेक्षकाचा खाण्यापिण्यावरील सरासरी खर्च १३२ रुपयांचा होता. एकूण उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाण्यापिण्यातून येतो. या व्यवस्थेच्या बाजूने बोलणारे अर्थतज्ज्ञही आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००९ मध्ये स्पेनमधील चित्रपटगृहांच्या आकडेवारीवरून असे मांडले की, खाद्यपदार्थ महाग ठेवल्याने तिकीट तुलनेने स्वस्त ठेवता येते. ज्याला परवडते तो पॉपकॉर्न घेतो आणि ज्याला परवडत नाही त्यालाही चित्रपट पाहता येतो. युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. फक्त त्यात एक गृहीत आहे, ते असे की न घेण्याचा पर्याय प्रत्येकाला खुला आहे. पॉपकॉर्नच्या बाबतीत तो आहेही. तान्ह्या मुलाचे दूध, मधुमेह्याचा वेळेवरचा घास आणि घोटभर पाणी यांच्या बाबतीत तो नाही.

कायदा याविषयी काय म्हणतो? आपल्या राज्यात २०१८ साली हा विषय चांगलाच गाजला. पुण्यात आंदोलन झाले, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात नागपूर अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी बहुपडदा चित्रपटगृहांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास बंदी नाही, असे सांगितले. पुढच्याच महिन्यात शासनाने उच्च न्यायालयात भूमिका घेतली, की सुरक्षेचा विचार करता यात हस्तक्षेप करण्याचे कारण दिसत नाही. सभागृहात एक आणि न्यायालयात दुसरे, असा तो प्रकार झाला. जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी बाहेरचे पदार्थ नेऊ द्यावेत, असा आदेश दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी रद्द केला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह यांच्या पीठाने म्हटले, की चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे. तेथील अटी मालक ठरवू शकतो. उद्या कोणी जिलेबी आणून चिकट बोटे खुर्चीला पुसली तर काय, असा प्रश्नही सरन्यायाधीशांनी केला. त्याच वेळी दोन गोष्टी मान्य झाल्या. पिण्याचे स्वच्छ पाणी प्रेक्षकांना विनामूल्य मिळाले पाहिजे, आणि लहान बाळासाठी आईवडिलांना वाजवी प्रमाणात खाणे नेता आले पाहिजे.

बाटलीबंद मालाचा कायदा निराळा. वैधमापनशास्त्राच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०१८ पासून एकाच वस्तूवर दोन ठिकाणांसाठी दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापून अनुचित व्यापार करण्यास मनाई आहे. तत्पूर्वी २०१६ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही अशा दुहेरी किमतीस अनुचित व्यापारी प्रथा ठरविले होते. मात्र डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि उपाहारगृहांना बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीपेक्षा जास्त आकारण्याची मुभा दिली. कारण तेथे बसण्याची जागा, सेवा, वातावरण हेही दिले जाते. पॉपकॉर्नसारख्या सुट्या पदार्थाला तर छापील किंमतच नसते. आणि ओळखीच्या नावाची बाटली न ठेवता मुळातच मोठी किंमत छापलेली बाटली ठेवली, की नियमही पाळला जातो आणि भावही मिळतो. माझ्या हातातील ७० रुपयांची बाटली ती हीच.

म्हणून लढा कोठे द्यावयाचा, हे ओळखून द्यावा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा फुकट पाण्याची सोय नसली, तर पावती जपून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस तेथे शुल्क नाही. आपण मात्र २० रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणून पावती कचऱ्यात टाकतो. बँकेत आम्ही पाच पैशांचा फरक शोधण्यासाठी रात्री नऊपर्यंत बसत असू. रक्कम क्षुल्लक असली, तरी फरक क्षुल्लक नसतो.

उरलेले काम कायद्याचे नाही, व्यापाराच्या शहाणपणाचे आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात २०१७ साली मर्सिडीज-बेंझ स्टेडियम सुरू झाले. संघमालक आर्थर ब्लँक यांनी खाद्यपदार्थांचे भाव जुन्या मैदानाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आणले. पॉपकॉर्न २ डॉलर, हवे तितक्या वेळा भरून घेण्याचे शीतपेय २ डॉलर. लोकांना वाटले, हा तोट्याचा धंदा. पहिल्याच वर्षी दर प्रेक्षकामागील खर्च १६ टक्क्यांनी वाढला. भाव उतरल्यावर लोक लवकर येऊ लागले, घरून खाऊन येणारे तेथेच खाऊ लागले. आपल्याकडेही बदलाची चिन्हे आहेत. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात भारतातील सर्व सामन्यांना प्रेक्षकांसाठी पिण्याचे पाणी मोफत असल्याचे क्रिकेट मंडळाने जाहीर केले. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. चहा १० रुपये, पाणी १० रुपये, सामोसा २० रुपये. विमानतळावर हे होऊ शकते, तर अन्यत्र का नाही?

हा प्रश्न आपल्याला अधिक लागू पडतो, कारण काउंटरच्या दोन्ही बाजूंस आपली माणसे आहेत. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर हा परिसर आता पाहुण्यांचा मुलूख झाला आहे. द्रुतगती मार्गावरील उपाहारसंकुले, शेतघरे, विश्रामस्थळे, पावसाळी धबधब्यांच्या वाटेवरील दुकाने यांत आपल्या अनेक बंधूंचे भांडवल गुंतलेले आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे अतिचार सांगताना खोट्या वजनमापांचा आणि बनावट मालाचा स्पष्ट उल्लेख आहे. कोंडीचा भाव त्या यादीत नाही, हे मी जाणतो. पण व्रतामागील भावना समोरच्याने राजीखुशीने दिले तेच घ्यावे, अशी आहे. हातातले पाणी ओतावयास लावून मग घेतलेले ७० रुपये राजीखुशीचे आहेत काय, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सहज करता येतील. प्रत्येक स्थळी पिण्याच्या पाण्याचा नळ दिसेल अशा ठिकाणी असावा, स्वच्छतागृहाशेजारी लपविलेला नसावा. घरून आणलेले साधे पाणी कोणाकडूनही काढून घेऊ नये. बालक, रुग्ण, वृद्ध आणि आहाराचे नियम पाळणारा कोणत्याही धर्माचा माणूस यांना छोटा डबा नेऊ द्यावा. चिकट बोटांची भीती असेल तर कोरडे पदार्थ तेवढे नेऊ द्यावेत. आणि दालनात निदान दोन पदार्थ बाजारभावाने ठेवावेत. यामुळे कोणाचे दिवाळे निघणार नाही. जागेचा मालक ३५ रुपयांऐवजी २५ रुपये घेईल एवढेच. आणि जागामालक आपल्यापैकीच कोणी असेल, तर सुरुवात आपण करावी.

आमच्या खालापूर-कर्जतच्या खेड्यांत हिवाळ्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा होतात. मैदानाच्या कडेला महिला बचत गटाचे एखादे टेबल असते. चहा, भजी, आणि शेजारी झाकण ठेवलेला पाण्याचा माठ. माठाचे पैसे कोणी मागत नाही. तरी संध्याकाळी टेबलावरचे पातेले रिकामे झालेले असते.

सौं.नी त्या प्रसंगाबद्दल एकदाच तोंड उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारशीची वेळ झाली, त्यांनी पाणी घेतले आणि म्हणाल्या, "भावाचं काय, परवडलं तर घ्यावं, नाही तर राहावं. पण पाणी ओतून टाकायला लावलं, ते बरं नाही केलं." मी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला शेरा त्यांना सांगितला. त्यांनी मिच्छामि दुक्कडं म्हणावयास सांगितले. मी म्हटले; आणि या स्तंभातून पुन्हा एकदा म्हणतो.

वाचकांपैकी कोणी असे दालन चालवीत असतील किंवा अशा जागेचे मालक असतील, तर त्यांनी आपल्या १०० रुपयांचा हिशेब या अंकाकडे अवश्य लिहून पाठवावा. दुसरी बाजूही वाचकांसमोर यावी, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.